पहिलं पिस्तूल: नवऱ्याचं नऊ एमएम की तुमचं .२२?

पत्र: ताई, सप्रेम नमस्कार. मी आणि माझा नवरा गेले सात-आठ महिने नेमबाजीच्या रेंजवर जातोय. आतापर्यंत तिथलीच भाड्याची पिस्तुलं वापरली. आता परवान्याचं काम मार्गी लागलंय आणि स्वतःचं एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचा विचार आहे. दोघांत एकच, कारण बजेट बेताचं. वापर म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी उघड्यावरच्या रेंजवर कागदी आणि पत्र्याची लक्ष्यं, बाकी काही नाही. मला .२२, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या लहान गोळीचं, आवडलंय. नवरा त्याला 'खेळणं' म्हणतो. त्याचं म्हणणं, एकच घ्यायचं तर नऊ एमएम घेऊ, म्हणजे तंबू ठोकून रानात राहतो तेव्हाही जवळ असेल. माझा हात लहान आहे, तेही एक आहेच. कुठलं घ्यावं? जुनं घेतलं तर चालेल का? घरात यावरून रोज वाद होतात, निकाल तुम्हीच लावा.
— नेम धरून बसलेली

उत्तर: निकाल आधी सांगते. .२२ घ्या.

नवरोजी वर्तमानपत्र बाजूला फेकायच्या आत हेही सांगते की त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. फक्त तो दुसऱ्या पिस्तुलाचा मुद्दा आहे, पहिल्याचा नव्हे.

मी स्वतः उलट्या बाजूने शिकले. पहिल्याच महिन्यात हातात नऊ एमएम आलं आणि मला वाटलं, जमतंय की. गोळ्या मात्र सगळ्या लक्ष्याच्या खाली, डावीकडे. मी साइट्सना, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांना, दोष दिला, मुठीला दिला, चष्म्याचा नंबरही तपासून आले. आमचे कोच काही बोलले नाहीत. एक दिवस त्यांनी माझं मॅगझिन (काडतुसं भरून मुठीत सरकवायची डबी) स्वतः भरून दिलं आणि मला न सांगता मध्येच एक डमी काडतूस, म्हणजे दारू नसलेलं नकली, घातलं. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं 'टिक्'. आणि त्या शांततेत मी माझ्याच डोळ्यांनी पाहिलं, की पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलंय. धक्का आलाच नव्हता, पण तो येणार म्हणून माझं मनगट आधीच दचकून दबलं होतं. आवाजाच्या गदारोळात ही खोड कधी दिसत नाही. कोचनी पिस्तूल काढून घेतलं आणि पुढचे चार महिने .२२ शिवाय हातात काही दिलं नाही.

ही खोड एकदा हाडात बसली की ती लागायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट काढायला लागतो. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, नऊ एमएमची साडेसात ग्रॅमच्या आसपास. पिस्तुलातून सुटताना तिच्यातली ऊर्जा .२२ च्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. एवढा फरक हाताला कळणारच. .२२ मध्ये धक्का इतका कमी की चाप ओढताना काय चुकलं ते तुम्हाला समजतं, आणि शिकायचं असतं ते तेच.

'खेळणं' या शब्दावर एक उत्तर देऊन ठेवा. ऑलिंपिकमध्ये २५ मीटरवर महिलांचा पिस्तूल प्रकार आणि पुरुषांचा रॅपिड फायर, दोन्ही .२२ वरच होतात. हे काडतूस १८८७ पासून बाजारात आहे. एवढ्या वर्षांत बाकी कितीतरी काडतुसं आली आणि अडगळीत गेली, हे टिकलं ते उगाच नाही.

आता पैसे. 'परवडणारं पिस्तूल' शोधताना सगळे जण पिस्तुलाची किंमत बघतात, आणि चूक तिथेच होते. पिस्तूल एकदा घ्यायचं असतं, काडतुसं दर वेळी. हिशेब मांडून बघा. महिन्यातून दोनदा रेंजवर जाणार, दर खेपेला दोघांत मिळून दीडशे गोळ्या. हे काही फार नाही, दीड तासात संपतात. वर्षाला झाल्या ३६००. नऊ एमएमच्या एका काडतुसाच्या पैशात .२२ ची दोन-तीन तरी येतात. म्हणजे वर्ष-दीड वर्षात काडतुसांवर जो फरक पडेल, त्यात दुसरं पिस्तूल निघू शकतं. स्वस्तातलं नऊ एमएम घेऊन महिन्याला पन्नास गोळ्यांवर भागवणारे मी खूप बघितलेत. त्यांचं पिस्तूल नवंकोरं राहतं आणि नेमही जिथल्या तिथे राहतो.

.२२ मधलं कुठलं? इथे दोन घराणी आहेत, आणि दोघांचा स्वभाव वेगळा.

पहिलं घराणं निव्वळ लक्ष्यभेदासाठी घडलेलं. यात नळी फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला, घट्ट बसलेली असते, गोळी सुटल्यावर हलतो तो मागचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा धातूचा ठोकळा. साइट्स नळीच्या रेषेत पक्क्या राहतात, म्हणून नेम एकसारखा लागतो. रुगर मार्क ४, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसनचं एसडब्ल्यू२२ व्हिक्टरी ही या घराण्यातली नावं. बहुतेक मॉडेलं किलोच्या आसपास वजनाची, मॅगझिन दहा गोळ्यांचं, चाप हलका आणि न अडखळता स्वच्छ सुटणारा. वजन हातात घेतल्यावर जड वाटेल, पण तेच वजन पिस्तूल थरथरू देत नाही.

दुसरं घराणं मोठ्या पिस्तुलांच्या घाटाचं. वरची स्लाइड, म्हणजे नळीवरचं आवरण, मागेपुढे होते, फ्रेम पॉलिमरची, वजन अर्ध्या किलोच्या आगेमागे. टॉरस टीएक्स२२, ग्लॉक ४४, रुगर एसआर२२ ही त्यातली. टीएक्स२२ मध्ये सोळा गोळ्या मावतात, त्यामुळे सारखं मॅगझिन भरत बसावं लागत नाही. ग्लॉक ४४ चा आकार त्यांच्याच नऊ एमएमच्या ग्लॉक १९ एवढा आहे. पुढे कधी नवऱ्याचा हट्ट पुरवायचा झाला, तर हाताला घडण ओळखीची राहील.

तुमचा वापर कागद आणि पत्रा एवढाच असेल, तर मी पहिल्या घराण्यात जाईन. दोघांनी पालटून वापरायचं म्हणजे पिस्तुलाने कुरकुर करता कामा नये, आणि ही पिस्तुलं तशी समंजस. त्यातही मार्क ४ साफ करायला सर्वांत सोपं. मागचं एक बटण दाबलं की वरचा भाग बिजागरीवर उघडतो आणि बोल्ट हातात येतो. त्याच्या आधीचं मार्क ३ मात्र कोणी स्वस्तात देऊ केलं तर विचार करून घ्या. चालतं छान, पण उघडून परत जोडताना भल्याभल्यांचा पेशन्स संपतो. बक मार्कला वरचे स्क्रू काढावे लागतात, एवढी एक कटकट. चाप मात्र इतका गोड, की ती कटकट मी आनंदाने सोसते. व्हिक्टरी एका स्क्रूवर उघडतं.

ही झाली माझी आवड. तुमच्या हाताला काय बसतं ते तुम्हीच ठरवणार, आणि दुकानात काउंटरपलीकडे उभं राहून ते ठरत नाही. भाड्याने मिळतील तेवढी चालवून बघा. लहान हाताचं म्हणाल, तर बघायच्या गोष्टी दोन. पिस्तूल दुकानदाराकडून रिकामं करून घ्या, स्वतः चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या खाचेत, डोकावून खात्री करा, मग सुरक्षित दिशेला धरून नेहमीसारखी पकड घ्या. पकड न बदलता तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज टेकतं का? टेकवायला मनगट फिरवावं लागत असेल, तर ते पिस्तूल कितीही स्वस्त असो, सोडून द्या. दुसरं, डोळे मिटून हात लक्ष्याकडे करा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप दिसली तर पिस्तूल तुमचं. ती कुठेतरी वर नाहीतर बाजूला शोधावी लागली तर नाही. नवऱ्यालाही हीच परीक्षा द्यायला लावा, हात दोघांचे चालणार आहेत.

.२२ चे नखरे. याबद्दल विकणारे फारसे बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. .२२ हे रिमफायर काडतूस. पेटवणारा मसाला मधोमध नसतो, तळाच्या कडेत फिरवून बसवलेला असतो. कधी कधी तो कडेत सगळीकडे सारखा पसरत नाही, आणि फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी खीळ, नेमकी कोरड्या जागी आपटते. मग फुसका बार. असं झालं की पिस्तूल लक्ष्याकडेच धरून ठेवा, मनात तीस मोजा, मगच मॅगझिन काढून काडतूस बाहेर घ्या. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित निघतं, पण निघतं. नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं 'फुस्स' झालं, तर मात्र तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते नाहीतर फाटते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार दिसते का ते बघितल्याशिवाय पुढची गोळी भरायची नाही.

दुसरा नखरा खाण्यापिण्याचा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटण्याच्या जोरावरच रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आत जातं. काडतूस अशक्त असेल तर हे चक्र अर्ध्यावर अडकतं. हलक्या स्लाइडवाल्यांना बहुधा ४० ग्रेनच्या (म्हणजे त्याच २.६ ग्रॅमच्या) गोळीची, तांब्याचा मुलामा असलेली, हाय व्हेलॉसिटी म्हणजे जास्त वेगाची काडतुसं मानवतात. जड घराण्याला आवाजाच्या वेगाखालची स्टँडर्ड व्हेलॉसिटीही चालतात, आणि कागदावर तीच जास्त नेमकी पडतात. पण प्रत्येक नग वेगळा. नवं पिस्तूल आणलं की चार-पाच प्रकारची एकेक पेटी घ्या, प्रत्येक मॅगझिनमधून चालवा आणि कुठल्याने किती वेळा अडकलं ते वहीत लिहा. मगच एका प्रकारची मोठी खरेदी करा. स्वस्त मिळाली म्हणून आधीच हजार काडतुसं उचलून आणलेली माणसं पुढे वर्षभर दर मॅगझिनमागे एक पुंगळी खणून काढत बसतात.

अडकण्याचं निम्मं पाप मॅगझिन भरण्यात असतं. बाजूचं बटण अंगठ्याने पुरतं खाली ओढून काडतुसं नुसती ओतली, की एखाद्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसते आणि वर यायला नकार देते. बटण एका वेळी एका काडतुसापुरतंच उतरवा, प्रत्येक काडतूस मागे टेकलंय ना ते बघा. वर येताना प्रत्येकाचं नाक किंचित वर हवं. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, महिनाभरात बोटं आपसूक करतात.

शिवाय .२२ घाण करतं. गोळीवरचं मेण आणि जळलेली दारू मिळून काळा चिकट थर बसतो. दर खेपेनंतर चेंबर आणि पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची जागा तेवढी ब्रशने काढा. नळी घासून घासून चकचकीत करायची गरज नाही. त्या उत्साहाने नळीच्या तोंडाची कडच जास्त खराब होते.

जुनं घ्यायला हरकत नाही. .२२ ची नळी हजारो गोळ्यांनी झिजत नाही, त्यामुळे जुन्यात खरोखर चांगला माल मिळतो. बघताना पहिलं बघा ते चेंबरच्या तोंडाची कड. तिथे फायरिंग पिनच्या आकाराचा खळगा पडलेला असेल, तर कोणीतरी वर्षानुवर्षं रिकाम्या चेंबरवर चाप ओढलाय असं समजा. बऱ्याच .२२ मध्ये मधे काडतूस नसलं की पिन थेट त्या कडेवर आपटते. कुठल्या मॉडेलला ते चालतं आणि कुठल्याला नाही, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. (घरी कोरडा सराव करायचा असेल, तर भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात तसला पिवळा प्लॅस्टिकचा प्लग काडतुसाच्या जागी घालायची युक्ती जुने नेमबाज वापरतात. पिन त्यावर आपटते. खरी काडतुसं तेव्हा त्या खोलीतसुद्धा नसावीत.) मग नळीतून उजेडाकडे बघा, आत काळी गोल कडी दिसली तर नळी कधीतरी फुगलीय, तिथूनच परत फिरा. आणि जुनं रुगर मार्क ४ असेल तर एक गोष्ट विचाराच. जून २०१७ च्या आधी बनलेल्या पिस्तुलांत सेफ्टीचा खटका अर्धवट राहिला तर गोळी सुटू शकते, असं आढळल्यावर कंपनीने ती दुरुस्तीसाठी परत मागवली होती. ते काम झालंय का, हे सीरियल नंबरवरून कंपनीकडे तपासता येतं.

मॅगझिनं किती येताहेत तेही मोजा. माझं पहिलं स्वतःचं पिस्तूल मी स्वस्तात पटकावलं या आनंदात घरी आणलं, सोबत एकच मॅगझिन. त्याचं बनणं कधीच बंद झालं होतं. दोन वर्षांत त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकले आणि ते पिस्तूल कपाटातली शोभा झालं. तेव्हापासून ज्याचं जादा मॅगझिन सहज मिळत नाही, ते पिस्तूल मी फुकटही घेत नाही.

आता रानातला मुद्दा. नवऱ्याला शांतपणे एवढं विचारा, की नऊ एमएम जवळ ठेवून तिथे नेमकं काय करणार? जनावराच्या भीतीने असेल, तर अस्वलासारख्या अंगापिंडाच्या प्राण्यासमोर .२२ चा उपयोग नाही हे मी मान्य करते. पण धावत येणाऱ्या जनावरावर, काळोखात, घाबरलेल्या हाताने नऊ एमएमची गोळी योग्य जागी मारणं हे आत्ता सात-आठ महिने झालेल्या माणसाचं काम नाही. जखमी जनावर तर आणखी वाईट. अन्न तंबूपासून लांब ठेवणं, चांगला टॉर्च, वावरताना आवाज करणं आणि जिथे अस्वलं आहेत तिथे अस्वलांसाठीचा तिखटाचा स्प्रे, यांवर भरवसा ठेवा. शिवाय रेंजवर पिस्तूल वापरण्याची परवानगी आणि ते रानात घेऊन हिंडण्याची परवानगी या बऱ्याच ठिकाणी वेगळ्या गोष्टी असतात. राखीव जंगलात तर बहुधा सरळ मनाईच. तुमच्या परवान्यावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. मित्र काय म्हणाला ते कायद्यात बसत नाही.

उघड्यावर नेम धरतानाही .२२ ला लहान समजू नका. तिची गोळी दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मागे मातीचा भरभक्कम बांध हवाच. नुसतं झाड, झुडूप किंवा 'तिकडे कोणी नसतं' हा बांध नव्हे. पाणी आणि दगड यांवर कधीच नाही, गोळी टप्पा घेऊन कुठेही जाते. पत्र्याची लक्ष्यं घ्याल ती नेमबाजीसाठी बनवलेल्या कडक पोलादाची, आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावरूनच. शिशाचे तुषार मागे उडतात, म्हणून चष्मा लावल्याशिवाय उभंही राहायचं नाही. आणि हो, गळ्याशी बंद कपडा घाला. गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस जे नाचतो, त्यात हातातलं पिस्तूल कुठे रोखलंय याचं भान राहत नाही. मी एकदा नाचलेय. नशिबाने बोट चापावर नव्हतं.

म्हणून बजेटची फोड सांगते. हातात जेवढे पैसे आहेत, त्यातले साठ-पासष्ट टक्केच पिस्तुलावर घाला. उरलेल्यात दोन चांगले इअरमफ (.२२ चा आवाजही १४० डेसिबलच्या वर जातो, कान एकदा गेले की गेले), दोन चष्मे, दोन जादा मॅगझिनं, पहिली काडतुसं, आणि भिंतीला बोल्टने बसवायची एक कुलपाची पेटी. काडतुसं वेगळ्या कुलपात. घरी मुलं असोत नसोत, पाहुण्यांची येतातच. रेंजवरून आल्यावर खाण्याला हात लावायच्या आधी हात साबणाने, गार पाण्याने धुवायचे, शिसं हाताला राहतं.

आणि नवऱ्याचं काय करायचं? वाद घालू नका. पुढच्या खेपेला तुमच्या कोचना बाजूला घेऊन सांगा, की त्याच्या भाड्याच्या नऊ एमएमचं मॅगझिन त्यांनी भरावं आणि मध्ये कुठेतरी एक डमी काडतूस घालावं. तुम्ही मागे उभ्या राहून फक्त पिस्तुलाच्या तोंडाकडे बघत राहा. 'टिक्' झाल्यावर ते जागचं हललं नाही, तर मला पुन्हा पत्र लिहा. मग आपण नऊ एमएमबद्दल बोलू.